साहेब येणार म्हणून

३ फेब्रुवारी

वहिनी,

माझं पत्र पाहून तू दचकली असशील. दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. जायची वेळ माझ्या पोपटावर आली आहे.

गेले काही महिने मला धाप लागते. जिना चढले की बसावंच लागतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, घरात पक्षी आहे का विचारलं, आणि हो म्हटल्यावर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घरात वाघ पाळलाय. पिसांची बारीक भुकटी छातीत साचते म्हणे. पक्षी घराबाहेर जायला हवा, नाहीतर औषधं फुकट. इतकी वर्षं मी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या, एका दमात तीन गाड्या आणि त्यांचे फलाट सांगायचे. आता एका वाक्यात दोनदा थांबते. नाइलाज आहे.

तू त्याला नीट पाहिलेलं नाहीस. आई माझ्याकडे राहायला आली त्यानंतर शेजारचे घर सोडून गेले आणि तो आमच्या गळ्यात पडला. आईने त्याचं नाव साहेब ठेवलं, कारण तो काम काही करत नाही आणि दिवसभर हुकूम सोडतो. तो बोलतो ते आईच्याच आवाजात. आईसारख्या नाही, आईच्याच. ती जाऊन वर्ष झालं, पण माझ्या घरात तिचा आवाज अजून आहे. म्हणून त्याला कुण्या परक्याच्या हवाली करायला मन होत नाही.

राहता राहिलात तुम्ही. पण तुमच्या घरात एक मांजर आहे, एक कुत्रा आहे आणि माझा भाऊ आहे. तिघांपैकी सगळ्यात बेभरवशाचा कोण हे तूच जाणतेस. तयारी नीट करणार असशील तरच कळव. फोन करू नकोस. घंटी वाजली की साहेबांना चेव येतो आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. पत्रच लिही.

ताई


११ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

धापेचं वाचून काळजी वाटली. तुमच्या भावाला वाचून दाखवलं, तर ते लगेच म्हणाले, "पोपट कशाला, ताईलाच घेऊन येऊ." मी म्हटलं, विचारून बघा. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर देण्यात त्यांचा जन्म गेला, पण तुमच्यासमोर त्यांची स्वतःचीच वाचा बसते.

साहेबांना आम्ही ठेवून घेऊ. घरात पोपट कधी पाळलेला नाही, तेव्हा काय काय करायचं ते सांगा. आमच्याकडची मंडळी अशी: मांजर म्हणजे जमादारीण. घरभर गस्त घालते, नाकावर माशी बसू देत नाही, आणि बसलीच तर ती खाऊन टाकते. कुत्रा म्हणजे पाहुणा. एका पावसात दारात आला, आता पलंगावर झोपतो. त्याचा कुणालाच त्रास नाही, उपयोगही नाही.

साहेबांना मी माझी शिवणाची खोली देते. उजेड चांगला आहे, दार लागतं. मशीन हॉलमध्ये आणेन. माझं गिऱ्हाईक पडदे शिवायला टाकतं, ते बसायला येत नाही, त्यामुळे हॉलमध्ये पसारा असला तरी बिघडणार नाही.

आता एक गोष्ट सरळ लिहिते. दुपारच्या झोपेत मशीनची खडखड नको यावरून सासूबाईंचं आणि माझं वाजलं, आणि चार दिवस लेकीकडे जाऊन येते म्हणून त्या ज्या गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मी एकदा भेटायला आले तर भिंतीकडे तोंड करून निजल्या. माझ्याविषयी त्या तुमच्याकडे काय बोलत असतील, याचा विचार करत मी किती पडदे उसवून परत शिवलेत ते माझं मला माहीत. पोपट त्यांच्याच आवाजात बोलतो म्हणता, तर तो जे बोलतो ते मला ऐकावं लागणार. ऐकीन. फक्त आधी कळलं तर बरं. त्याचा आवाज टेप करून पाठवाल का? मांजर-कुत्र्यालाही सवय होईल.

तुमची वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

आवाज टेप करता येणार नाही. यंत्र समोर आलं की साहेब मौनव्रत धरतात. उगाच त्याच्या मागे लागू नकोस.

शिवणाची खोली म्हणतेस, पण त्या खोलीच्या फटीफटीत टाचण्या असणार. त्याला चमकणारं काहीही चोचीत धरायची खोड आहे. लोहचुंबक घेऊन गुडघ्यावर बस आणि सगळी फरशी फिर. दोऱ्याचे तुकडे पायात गुंततात, तेही वेच. छताचा पंखा बंद म्हणजे कायमचा बंद. आरसा झाकून ठेव. पाण्याची बादली उघडी नको. उदबत्ती, अत्तर, डासांचे फवारे सगळं हद्दपार. आणि नॉनस्टिक तवा घरात असेल तर काढून टाक. तो जास्त तापला की जो धूर निघतो त्याने आपल्याला फारसं काही होत नाही, पण पक्षी बसल्या जागी मरतो.

मांजरीचं तर विचारूच नकोस. तिने नुसतं नख लावलं, ओरखडा दिसलासुद्धा नाही, तरी तिच्या लाळेनं पक्षी दगावतो. पिंजरा नुसता उंच टांगून भागत नाही. त्या उंचीपर्यंत उडी मारायला जवळपास काही असता कामा नये. कपाटं हलव. कुत्र्याला पहिले काही आठवडे साखळी.

सोबत साहेबांच्या पिंजऱ्यावरचं कापड पाठवतेय. धुऊ नकोस, वास जाईल. तो वास तुझ्या जनावरांच्या ओळखीचा होऊ दे. त्यांचं काय होतं ते कळव. घाईने होकार देऊन नंतर हात वर करण्यात अर्थ नाही. आईच्या आवाजाचा प्रश्न आहे.

खोकला आहे, पण ठीक आहे.

ताई


६ मार्च

वन्सं, नमस्कार.

तुमच्या हुकमांची अंमलबजावणी झाली. लोहचुंबकाला एवढ्या टाचण्या चिकटल्या की मी इतकी वर्षं त्या खोलीत अनवाणी फिरून जिवंत कशी राहिले याचंच नवल वाटलं. नॉनस्टिक तवा मोलकरणीला दिला. आता लोखंडी तव्यावर ऑम्लेट खरवडून काढताना तुमचे बंधुराज म्हणतात, "त्याचं स्वागत होईल तेव्हा होवो, माझी उपासमार सुरू झाली." पंख्याची पाती त्यांनी उतरवूनच ठेवली. कपाटं हलवली. मोकळी भिंत पाहून जमादारीण बराच वेळ तिथे बसून होती. उडी कुठून मारायची याचा आराखडा करत असावी.

आणि दार! साध्या दारावर लिफ्टवाल्याचं समाधान होईना. मांजर आपल्या पायातून आत सटकेल म्हणून त्यांनी मधे जाळीचा एक छोटा कोंडवाडा केला आणि त्याला दोन दारं लावली. बाहेरचं नीट लागल्याशिवाय आतलं उघडत नाही, आणि आतलं लागल्याशिवाय बाहेरचं. कल्पना झकास. फक्त आतून उघडायचा खटका बसवायचा राहून गेला. पहिल्याच चाचणीत ते स्वतः आणि मागोमाग शेपूट हलवत शिरलेला पाहुणा, दोघे मधल्या मधे अडकले. मी बाजारात. परत आले तर आतून आवाज येत होता, "घाबरू नका, माणूस पाठवलाय." सवयीनं स्वतःलाच धीर देत होते. पाहुणा त्यांच्या मांडीवर झोपला होता.

कापडाचं असं झालं, पाहुण्यानं ते अंथरूण म्हणून मान्य केलं. जमादारीण त्याच्यापासून चार हात लांब राहते. एकदा जवळ जाऊन हुंगलं, शिंकली आणि पाठ फिरवली. मीही हुंगलं. सासूबाईंच्या डोक्याच्या तेलाचा वास आला, की मला तसं वाटलं, देव जाणे.

आता साहेबांना कधी पाठवता?

तुमची वहिनी


१८ मार्च

वहिनी,

एवढ्यात नको. हवा बदलते आहे. शिवाय तुझं मशीन हॉलमध्ये म्हणजे भिंतीपलीकडेच. त्या आवाजानं तो बिथरेल. पिसं उपटून घेणारे पोपट मी ऐकलेत.

दुसरं असं, त्याला एक वाईट खोड लागली आहे. एक शब्द सारखा बोलतो. तो विसरावा म्हणून मी त्याला दुसरं काहीतरी शिकवतेय. रोज सकाळी आणि संध्याकाळी समोर बसते. जमेल असं वाटतं. मग पाठवीन.

दोन दारांचं वाचून हसले, आणि हसल्यामुळे खोकले. खटका बसवायला सांग.

ताई


२५ मार्च

वन्सं,

आज नमस्कार-चमत्कार नाही, रागावले आहे.

साहेब कुठला शब्द बोलतात ते मला न कळण्याइतकी मी खुळी नाही. सासूबाईंनी माझ्या नावानं जे काही खडे फोडले असतील ते त्याने पाठ केलेत आणि तुम्ही ते पुसत बसलात. माझ्यावर उपकार म्हणून, की आईला बोल लागू नये म्हणून, ते तुम्हालाच ठाऊक. कशासाठीही असो, पुरे झालं. माझ्या छातीवर दोन शिव्या बसल्या तर मी मरणार नाही. तुमच्या छातीचं तसं नाही.

तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी तुमच्या भावाला फोन केला होता. तुम्हाला रात्रभर इस्पितळात नळी लावून ठेवलं होतं, हे आम्हाला तिऱ्हाइताकडून कळावं? आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन तुम्ही पुन्हा पिंजऱ्यासमोर शिकवणी घ्यायला बसलात! तुमचे बंधुराज ते ऐकून जेवणावरून उठले. एवढे ते तव्यावरूनही उठले नव्हते.

रविवारी ते गाडी घेऊन येतायत. साहेबांना त्यांच्याबरोबर द्यायचं. नाही दिलंत तर मी स्वतः येईन, आणि मला तुमच्यासमोर वाचा बसायचा आजार नाही.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

साहेबांना देते आहे. भाऊ पलीकडच्या खोलीत पिंजरा बांधतोय, म्हणून दोनच ओळी.

सूर्यफुलाच्या बिया थोड्याच घाल, मागेल तेवढ्या देऊ नकोस. पिंजरा रात्री झाकत जा. पहिले काही दिवस तो मुळीच बोलणार नाही, रुसला असं समजू नकोस. मग एकदा बोलायला लागला की तो काय बोलतो त्यावर मला काही लिहू नकोस. तब्येत कळवलीस तरी पुरे.

माझी शिकवणी फुकट गेली.

ताई


१४ एप्रिल

वन्सं, नमस्कार.

लिहू नकोस म्हणालात, पण न लिहून मी राहायची नाही.

साहेब सुखरूप आले. पहिला आठवडा ते मुके, आणि घर त्यांच्यामुळे मुकं. आम्ही कुजबुजत बोलायचो. पाहुणा जाळीबाहेर जीभ बाहेर काढून दिवसभर दर्शनाला. जमादारीण मात्र दबा धरून.

मग परवा तुमचे बंधुराज कामावरून आले आणि तसेच बूट घालून हॉलमध्ये शिरले. खोलीतून आवाज आला, "पाय पूस आधी!" वन्सं, खोटं सांगत नाही, ते जागच्या जागी वळले, पायपुसण्यावर जाऊन दोन्ही बूट पुसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. आले आणि खुर्चीत बसून राहिले. पाहुणाही मुकाट्याने खाली बसला. आणि जमादारीण, जिच्यासाठी आम्ही कपाटं हलवली, दोन दारं ठोकली, ती कपाटाखाली गेली ती जेवायच्या वेळेलाच बाहेर आली. आता साहेब "हो बाजूला" म्हणाले की ती बाजूला होते. साहेबांना जनावरांपासून वाचवायची एवढी तयारी केली, पण जनावरांना साहेबांपासून वाचवायची कुणालाच सुचली नाही.

पण लिहायचं ते हे नाही. काल दुपारी मी मशीनवर होते. थांबले, तर आतून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आलीस का? बस जरा. दमलीस गं."

माझा हात चाकावरच राहिला. थोड्या वेळानं पुन्हा, "सूनबाई, तू होतीस म्हणून." तेवढंच. पुढे काही नाही.

मी आयुष्यभर शिव्यांची तयारी केली होती हो. याची केलीच नव्हती. मशीनवर डोकं ठेवून रडले. म्हणजे त्या तुमच्या घरी बसून मला हाका मारत होत्या! माझी आठवण काढत होत्या! आणि तुम्ही ती "वाईट खोड" म्हणून मोडायला निघाला होतात. का, वन्सं? मला एवढंही मिळू नये असं तुम्हाला का वाटावं?

राग नाही. पण कळू दे.

तुमची वहिनी


२२ एप्रिल

वहिनी,

विचारलंस तर सांगते. मी हे कुणाला सांगणार नव्हते.

आईनं तुला हाका मारल्या नाहीत. मला मारल्या. शेवटची दोन वर्षं तिला माणसं ओळखू येत नव्हती. भाऊ यायचा तेव्हा ती झोपली आहे म्हणून मी वेळ मारून न्यायची. मी तिला न्हाऊ घालायची, भरवायची, रात्री उठून तिची कूस बदलायची. आणि ती माझा हात धरून म्हणायची, "सूनबाई, तू होतीस म्हणून." पुढचंही तुला सांगते, ते साहेबांनी उचललं नाही एवढीच देवाची कृपा. ती म्हणायची, "माझी लेक बघ, कधी फिरकत नाही. तिची गाडी कायम उशिरानं." मी समोर बसलेली. सुरुवातीला सांगायची, अगं आई, मीच तुझी लेक. ती घाबरायची, कोण ही बाई खोटं बोलते म्हणून. मग मी सांगायचं सोडलं. "हो आई" म्हणायला लागले. तिच्या लेकीच्या चहाड्या मी तिच्या सुनेच्या जागी बसून ऐकल्या.

तू भेटायला आलीस तेव्हा ती भिंतीकडे वळली ती रागानं नव्हे. तिच्या लेखी सूनबाई खोलीत आधीच होती. तू गेल्यावर तिनं मला विचारलं, "ती बाई कोण होती गं? बिचारी रडत होती."

मला तुझा हेवा वाटला, वहिनी. तू काही न करता तुला मिळालं, आणि मी सगळं करून मला नाही. दोन महिने त्या पोपटासमोर बसून मी त्याला "ताई" म्हणायला शिकवत होते. तिच्या आवाजात एकदा तरी ऐकावं म्हणून. ज्या आवाजावर अख्खं स्टेशन धावायचं, त्या आवाजातला एक शब्दही त्या पठ्ठ्यानं उचलला नाही. मान वाकडी करून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "सूनबाई."

आता घर शांत आहे. श्वास चांगला चालतो. डॉक्टर खूश आहेत.

साहेब परत मागत नाही. त्या शब्दांवर तुझंच नाव आहे. ठेव.

ताई


५ मे

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा तुमच्या भावाला वाचून दाखवू शकले नाही, त्यांनीच हातातून घेऊन वाचलं. वाचून झाल्यावर ते उगाच जाळीचा खटका तपासत बसले. बराच वेळ.

त्या हाका माझ्या नाहीत हे कळल्यावर मला वाईट वाटलं, ते का लपवू? वाटलंच. आठवडाभर हाक आली की मी मशीन जोरात चालवायची. दुसऱ्याच्या ताटातलं चोरून खाल्ल्यासारखं व्हायचं. हाक यायची, खोलीत कुणी बोलायचं नाही, साहेब वाट बघायचे, पुन्हा हाक मारायचे.

काल दुपारी मशीन बंद होतं. दोरा ओवत होते. आतून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आलीस का?" मी नेहमीसारखी गप्प. साहेब थांबले. आणि मग दुसराच आवाज आला. बारीक, थकलेला. "हो आई. आले." आणि त्यानंतर एक लहानसा खोकला.

वन्सं, मी तो आवाज ओळखला नाही. मी तुमचा स्टेशनवरचा आवाज ओळखते, आणि मला खडसावतानाचा. हा मी कधी ऐकलाच नव्हता. तुमचे बंधुराज दारात उभे होते. ते म्हणाले, "ही ताई आहे." आणि म्हणाले, "लहानपणी मी आजारी असलो की अशी बोलायची."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमच्याकडे साहेब हाक मारायचे आणि सवयीनं तुम्हीच ओ द्यायचात. आई गेल्यावरसुद्धा देत असणार, नाही म्हणू नका. मग त्यांना ती द्यायची गरजच काय होती? इथे ओ देणारं कुणी नाही, म्हणून ते दोघींचं बोलतात. शिकवणीतलं त्यांनी काही घेतलं नाही. पण दोन वर्षं त्या खोलीत जे झालं ते सगळं घेतलंय, तुमच्यासकट.

आज सकाळपासून तीनदा झालं. जमादारीण सासूबाईंच्या आवाजाला कपाटाखाली जाते आणि तुमच्या आवाजाला बाहेर येते.

तुम्ही या. छातीला झेपेल तेवढंच, अंगणात खिडकीखाली खुर्ची टाकते, भुकटी तिथवर येत नाही. तुम्ही कधीही या. तोवर मी काळजी घेतेय. हाक आली की तोंडाशी शब्द येतो, सूनबाई म्हटल्यावर सुनेच्या तोंडून ओ जाणारच. पण मी दिली तर ते द्यायचे थांबतील. म्हणून ओठ दाबून गप्प बसते, आणि तुम्हाला देऊ देते.

तुमची वहिनी